मावशींनी शिवलेली बाही

मावशींना फाटकं बघवत नाही. याला स्वभाव म्हणा, खोड म्हणा, नाहीतर आजार म्हणा. एकदा दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसल्या असताना शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं. पाच मिनिटं मावशींनी छताकडे बघितलं, पाच मिनिटं भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचला, आणि शेवटी पर्समधून सुईदोरा काढून म्हणाल्या, "जरा हात वर करता का?" त्या बिचाऱ्याला वाटलं, तपासणी सुरू झाली. त्याने जीभसुद्धा बाहेर काढली.

अशा बाईला काम मिळालं कुठे, तर टीव्हीच्या मालिकेत. तिथे कपडे मुद्दाम फाडतात, मुद्दाम मळवतात आणि मुद्दाम तसेच ठेवतात. देवाला कधीकधी गंमत करायची लहर येते ती अशी.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून गेलं की कपड्यांची खोली. दोन लोखंडी दांड्या, एक वाफेची इस्त्री, बटणांचा डबा, आणि खिडकीपाशी मावशींचं मशीन. दांड्यांवर मालिकेतल्या चार पोरांचं आयुष्य हँगरला टांगलेलं असायचं. गोष्ट साधी होती. कॉलेज संपवून मोठ्या शहरात आलेली चार तरुण मुलं एका भाड्याच्या घरात राहतात, पहिल्या नोकऱ्या धरतात, सोडतात, स्वयंपाक करपवतात आणि हळूहळू शहाणी होतात. त्यातली एक मुलगी आणि एक मुलगा एकमेकांच्या प्रेमात आहेत, हे सगळ्या जगाला कळलंय, फक्त त्या दोघांना सोडून. एकशे बेचाळीस भाग झाले तरी 'तू मला आवडतोस' एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. प्रेक्षक करवादले होते. मावशींची मात्र काही तक्रार नव्हती. स्वतःच्या घरात तेहतीस वर्षांत ते वाक्य त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं, आणि संसार तरी झालाच होता.

त्या संसाराबद्दल आधी सांगायला हवं. मावशींनी तीस वर्षं घरीच शिवणकाम केलं. मागची खोली, भिंतीकडे तोंड केलेलं मशीन, आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग. निळी पॅंट, पांढरा शर्ट, निळी पॅंट, पांढरा शर्ट. यजमान छापखान्यात प्रूफं तपासायचे. सेटवरच्या पोरांनी न बघताच त्यांना 'काका' करून टाकलं होतं, तर आपणही काकाच म्हणू. काकांचा जन्म चुका काढण्यात गेला. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर असो की दारात आलेलं पत्रक, काकांची पेन्सिल कानावरून खाली यायचीच. बोलणं बेताचं. जे बोलायचे ते दुरुस्तीपुरतं. "मीठ कमी." "तारीख सोळा, सतरा नव्हे." प्रूफांच्या खुणांमधली एकच खूण त्यांची लाडकी होती. एखादा शब्द चुकून खोडला आणि नंतर वाटलं की मूळचाच बरा होता, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. ही खूण फार क्वचित वापरावी लागते, असं काका अभिमानाने सांगायचे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ती बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वापरली होती.

काका निवृत्त झाले, मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, गणवेश तयार मिळायला लागले. घर असं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज. तेव्हा शेजारणीच्या ओळखीने मावशींना स्टुडिओतून बोलावणं आलं. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि आठ महिने झाले तरी तिथेच होत्या. मशीनपुढे खिडकी, खिडकीबाहेर माणसांची ये-जा, दर पाच मिनिटांनी "मावशी, पिन!" "मावशी, झिप अडकली!" "मावशी, मी जाड दिसतेय का?" आपल्याला हे उशिरा मिळालं, पण मिळालं, असं मावशींना रोज वाटायचं. संध्याकाळी मशीनवर कापड घालताना त्या त्याला थोपटून म्हणायच्या, "दमलास रे बाबा. उपकार झाले." यात दिखावा अजिबात नव्हता. खोलीत ते दोघेच असायचे.

आता या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. पडद्यावर जो प्रसंग दोन मिनिटांत संपतो, तो कधी कधी दोन दिवस चित्रित होतो. अर्धा आज, अर्धा उद्या. आज मुलाच्या कॉलरवर चहाचा डाग असेल, तर उद्याही तो तिथेच, तेवढाच हवा. हे सांभाळायला सेटवर एक किडकिडीत गृहस्थ होते. ते दर दृश्याचे फोटो काढून ठेवायचे आणि वाद झाला की फोन पुढे करून म्हणायचे, "पुरावा आहे माझ्याकडे." म्हणून त्यांचं नावच पुरावा पडलं होतं. ज्या कपड्याला हात लावायचा नाही, त्यावर पुरावा एक लाल चिठ्ठी टाचून देत. आधीच्या शिंप्याने अशाच एका लाल चिठ्ठीच्या झग्याची किनार वीतभर वर घेतली होती. परिणामी नायिका दारातून आत आली तेव्हा तिचा झगा पोटरीपर्यंत आणि खुर्चीवर बसली तेव्हा गुडघ्यापर्यंत. शिंपी त्याच दिवशी घरी गेला. मॅनेजरने पहिल्याच दिवशी मावशींना बजावलं होतं, "बाकी काही चालेल. लाल चिठ्ठीला माफी नाही."

तर त्या गुरुवारी मोठ्या भांडणाचा प्रसंग होता. मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागलेली, ते पत्र त्याने लपवून ठेवलेलं, मुलीला ते सापडलेलं. "सांगितलं का नाहीस?" म्हणून ती त्याला खेचते आणि त्याच्या विटकरी शर्टाची बाही खांद्यापाशी टरकन फाटते. तसे दोन शर्ट आणले होते. एक तालमीतच गेला. दुसरा कॅमेऱ्यापुढे इतका झकास फाटला की दिग्दर्शकाने टाळी वाजवली. उरलेला अर्धा प्रसंग शुक्रवारी. फाटक्या बाहीने तो दारात उभा राहणार, वळून बघणार आणि निघून जाणार. शर्ट मावशींच्या खोलीत आला, लाल चिठ्ठीसकट.

दुपारी चारच्या सुमाराला मावशींच्या मुलीचा फोन आला. नवीन घर, नव्या खिडक्या, पडद्यांची मापं. मावशींनी फोन खांदा आणि कानात धरला. आई आणि मुलगी पडद्यांवर बोलायला लागल्या म्हणजे तासाची निश्चिंती. आणि मावशींचे हात रिकामे राहत नाहीत. मुलगी म्हणाली फुलाफुलांचे घेऊ का, मावशी म्हणाल्या फुलं नको, धुतली की विटतात. आणि हात दांडीवरून शर्ट काढत होते. मुलगी म्हणाली जाळीचे घेऊ का, मावशी म्हणाल्या समोरचे लोक कसे आहेत ते आधी बघ. आणि हात लोंबणाऱ्या चिंध्या कातरत होते. आतल्या दुमडीतला तुकडा काढून मावशींनी असं रफू केलं की शिवणीलासुद्धा पत्ता लागू नये. मग लाल चिठ्ठी व्यवस्थित काढून पिनांच्या उशीला टाचली, शर्टाला इस्त्री केली, "बरं, ठेवते मग," म्हणून फोन ठेवला आणि घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी नायक शर्ट घालून कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. पुराव्यांनी फोन बघितला, बाही बघितली, पुन्हा फोन बघितला. चष्मा पुसला. मग ते हळूच म्हणाले, "सर, हा शर्ट बरा झालाय."

मावशींना बोलावणं गेलं. बाहीवर नजर पडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उसवून फायदा नव्हता, कारण चिंध्या केव्हाच केरात गेल्या होत्या. उसवलं असतं तर काल फाटलं होतं त्याच्या दुप्पट भोक पडलं असतं. दिवे लागलेले, तीसेक माणसं उभी, आणि सगळ्यांच्या नजरा मावशींवर.

"कुणी केलं हे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. फोनचं, मुलीचं, पडद्यांचं काही बोलल्या नाहीत. "चूक माझी आहे."

मॅनेजर पुढे आला. त्याने तोंड उघडायच्या आत नायिकाच बोलली. वीस वर्षांची पोर. मालिकेत मोठी होत होती आणि मालिकेबाहेरही. "पण मावशी, लाल चिठ्ठी होती ना? का शिवलंत?"

"फाटलं होतं म्हणून," मावशी म्हणाल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. मावशींना रडू आवरेना. कोपऱ्यात मालिकेची लेखिका पेन्सिलीचं टोक चावत बसली होती. आठ दिवस ती अडकली होती. पोरगा दारातून निघून गेला की त्याला परत आणायचं कसं, हेच तिला सुचत नव्हतं. ती उठून जवळ आली. "मावशी, रागावलेल्या माणसाचं कुणी कधी शिवतं का?"

"शिवतं की," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. कशावरून भांडण झालं, आता आठवतही नाही. हे तरातरा निघाले आणि दाराच्या कडीत शर्ट अडकून बाही फाटली. तसेच रागाने गेले, तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी शिवून ठेवली. बोलणं बंदच होतं. मग हातानेच काय ते सांगितलं."

"आणि काका काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांच्या लक्षात आलं की नाही, ते अजून मला माहीत नाही. पण दुसरे शर्ट असताना अकरा वर्षं तोच घालत होते. पार विरला, तेव्हा कुठे सोडला."

लेखिकेने पेन्सिल तोंडातून काढली आणि मावशींच्याच इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून लिहायला बसली. दारातून वळून बघणं गेलं. कालचा प्रसंग बाही फाटते तिथेच संपला. नवीन प्रसंग असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर टाकलेला शर्ट मुलगी उचलते, खिडकीत बसते आणि शिवते. मुलगा येतो, शर्ट अंगात घालतो, बाहीवरून हात फिरवतो. आणि तरीही दोघं एक शब्द बोलत नाहीत. टाके घालायला तालमीत फाटलेला शर्ट होताच; जवळून नुसते टाकेच दिसायचे होते.

अडचण एकच होती. नायिकेने सुई धरली ती पेनासारखी. पहिल्या टाक्याला बोट टोचलं, दुसऱ्याला शर्ट तिच्याच ओढणीला शिवला गेला. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "चेहरा हिचा घेऊ. हात मावशींचे घ्या."

मग काय विचारता! नायिकेने स्वतः मांडी घालून मावशींच्या नखांना आपल्या नखांचा रंग लावला, फुंकर मारून वाळवला, आपली अंगठी काढून त्यांच्या बोटात घातली. आतापर्यंत मावशींनी जगाला नटवलं होतं. त्यांचा हात मांडीवर घेऊन कुणी त्यांना नटवायची ही पहिलीच वेळ. मेकअपवाल्याने दोन्ही हातांवरची तीस वर्षं पुसायला पाऊण तास घेतला. डाव्या तर्जनीवर एक जुनी आडवी खूण होती. त्यांची मुलगी तान्ही असताना मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती, त्याची. तिच्यावर त्याने लेपांमागून लेप दिले. दिव्यांच्या उष्णतेने शेवटी तो लेप थोडा ओघळलाच, आणि शेवटच्या टाक्याला खूण क्षणभर दिसली. मावशींनी घाबरून पुराव्यांकडे पाहिलं. त्यांनी ते बघितलं होतं, यात शंका नाही. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "माझ्याकडून ठीक आहे."

मावशी घरी निघाल्या तेव्हा मॅनेजरने गाठलं. माणूस वाईट नव्हता, पण नियम त्याचाच होता. "मावशी, मंगळवारी भाग दाखवतील. तोपर्यंत सुट्टी घ्या. वरच्यांना आवडला तर बुधवारच्या कामाच्या यादीत तुमचं नाव येईल. नाही आलं, तर समजून घ्या."

मावशी "बरं" म्हणाल्या. जिन्याखालून वाकून आत गेल्या, मशीनवर कापड घातलं, थोपटलं. जे काही होईल ते होवो, आठ महिने तर मिळाले, असं त्यांनी मशीनला सांगितलं. खरं तर स्वतःलाच. त्या खिडकीचे, त्या पोरांच्या हाकांचे, पेन्सिल चावणाऱ्या लेखिकेचे, खिशात गेलेल्या फोनचे, सगळ्यांचे उपकार त्यांना एकदम दाटून आले. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायचं, या विचाराने मात्र पाय जड झाले.

घरी त्या मूग गिळून बसल्या. काय सांगणार? काका रोज साडेसातला मालिका बघायचे, पण गोष्टीसाठी नव्हे. मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्या, हातात पेन्सिल. 'भाग ९७. घड्याळात सव्वापाच, सावली भर दुपारची.' 'भाग ११८. कप आधी डाव्या हातात, नंतर उजव्या.' चिठ्ठी मावशींच्या हातात द्यायचे. "उद्या सांग त्यांना." पुराव्यांचं मन मोडायला नको म्हणून मावशींनी एकही चिठ्ठी कधी पोचवली नाही. सगळ्या बटणांच्या डब्यात. अशा माणसाला कसं सांगायचं, की यंदाची सगळ्यात मोठी चूक तुमच्या बायकोची आहे?

मंगळवारी साडेसातला दोघं बसले. भांडण झालं, बाही टरकन फाटली. मग सकाळचं ऊन पडलं. खिडकी आली, मुलीचा खाली वळलेला चेहरा आला. आणि हात आले. पडदाभर हात. सुई आत जाते, बाहेर येते, दोरा खेचला जातो. मागे संगीत नव्हतं, नुसता दोऱ्याचा सूंऽसूं आवाज. मावशींना वाटलं, हे दृश्य कधी संपतच नाही. शेवटच्या टाक्याला क्षणभर ती खूण दिसली, आणि शेजारी काकांची पेन्सिल हलली.

मुलगा आला. त्याने शर्ट घातला, बाहीवरून हात फिरवला. भाग संपला. काका लिहीतच होते. लिहिलं, थांबले, खोडलं, पुन्हा खाली काहीतरी केलं. मग नेहमीसारखी चिठ्ठी पुढे केली. "उद्या सांग त्यांना" मात्र म्हणाले नाहीत.

मावशींनी चष्मा लावला. 'भाग १४३. हात मुलीचे नाहीत.' ती ओळ एका रेघेने खोडलेली होती. खोडलेल्या ओळीखाली एकसारखी, नीट टिंबं दिलेली होती. आणि समासात, छापखान्यातल्या त्या वळणदार अक्षरात: 'राहू द्या.'

तेवढ्यात फोन वाजला. उद्याच्या कामाची यादी. मावशींच्याने बघवेना, त्यांनी फोन तसाच काकांकडे सरकवला. काकांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सवयीप्रमाणे, एकेका ओळीखालून पेन्सिल फिरवत.

"सकाळी सात. शिवणकाम, मावशी," ते म्हणाले. "चूक नाही."

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदराने डोळे टिपले, हसल्या, पुन्हा टिपले. मग सगळंच सांगून टाकलं. पडदे, चिठ्ठी, रफू, नखांचा रंग. "आणि अहो, रागावू नका. मी त्या सगळ्यांना आपल्या त्या शर्टाचं सांगितलं. दाराच्या कडीत फाटला होता तो. म्हटलं, यांच्या लक्षात आलं की नाही देव जाणे, पण अकरा वर्षं घातला यांनी."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"तेरा," ते म्हणाले.